बिनयकृष्ण टिकादार यांचे कोळीसंशोधन आणि नांदेड-लातूरचे कोळी : एक आढावा

घराच्या आढ्यापासून तुरीच्या शेंड्यापर्यंत आणि ज्वारीच्या धाटापासून विहिरीच्या कपारीपर्यंत सर्वत्र वावरणारा कोळी हा प्राणी मराठवाड्यातील लोकांच्या रोजच्या पाहण्यातला असला, तरी त्याचे शास्त्र मात्र आजवर मोजक्याच अभ्यासकांच्या परिश्रमावर उभे राहिले आहे. भारतात कोळ्यांच्या जाती किती, त्या कशा ओळखाव्यात, त्यांची नावे कोणी व कोणत्या आधारावर ठरवली, या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे देणाऱ्या भारतीय संशोधकांत बिनयकृष्ण टिकादार (१९२८–१९९४) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात, महाराष्ट्राच्या भूमीवर घडला, आणि म्हणूनच त्या कार्याचा विचार करताना त्याचा लाभ राज्याच्या कोणत्या भागाला किती झाला, हेही पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात टिकादारांच्या आधीची परंपरा, त्यांचे स्वतःचे काम, त्या कामाच्या मर्यादा, त्यानंतर महाराष्ट्रात झालेली वाटचाल आणि या सर्वांच्या प्रकाशात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील अभ्यासाची गरज यांचा क्रमाने आढावा घेतला आहे.

कोळ्यांच्या शास्त्राची पूर्वपीठिका

कोळी हा कीटक नव्हे, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे संधिपादांच्या, मोठ्या संघात कीटक आणि कोळी हे दोन्ही येत असले, तरी कीटकाला पायांच्या तीन जोड्या, शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग आणि बहुधा पंख असतात. कोळ्याला मात्र पायांच्या चार जोड्या असतात, डोके व छाती एकजीव होऊन शरीराचे दोनच भाग उरतात, आणि पंख व मिशा कधीच नसतात. विंचू, गोचीड आणि कोळी हे अष्टपाद वर्गातील एकमेकांचे नातलग आहेत. पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक अवयवांतून रेशीम सोडणे हे कोळ्यांचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. सगळे कोळी जाळे विणत नसले, तरी अंडी गुंडाळण्यासाठी, उंचावरून उतरण्यासाठी किंवा बिळाला अस्तर लावण्यासाठी रेशमाचा उपयोग सगळेच करतात.

या प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा इतिहास लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्याही एक पाऊल आधी सुरू होतो. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा, म्हणजे प्रजातीचे व जातीचे अशी दोन नावे जोडून प्राणी ओळखण्याच्या पद्धतीचा, आरंभ १७५८ या वर्षापासून धरला जातो. परंतु कार्ल क्लर्क याने स्वीडनच्या कोळ्यांवरील ग्रंथ १७५७ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि त्यातील नावे अपवाद म्हणून आजही ग्राह्य मानली जातात. भारतातील कोळ्यांकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वळले. भूविज्ञान सर्वेक्षणात काम करणारे फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६९ मध्ये येथील कोळ्यांवर लेखन केले, तर यूजेन सिमाँ आणि तामेरलान थोरेल यांसारख्या संशोधकांनी संग्रहालयांत पोहोचलेल्या नमुन्यांवरून अनेक भारतीय जातींची वर्णने केली. या सर्व विखुरलेल्या ज्ञानाला पहिले एकत्रित रूप रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९०० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीविषयीच्या ग्रंथमालेतील अष्टपादांवरील खंडात दिले. पुढे कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात आणि नंतर मद्रासच्या शासकीय संग्रहालयात काम केलेल्या एफ. एच. ग्रेव्हली यांनी बिळात राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांवर आणि शिकारी कोळ्यांवर महत्त्वाचे निबंध लिहिले. या पिढीचे ऋण मोठे असले, तरी तिच्या कामाला दोन मर्यादा होत्या. अनेक मूळ नमुने परदेशी संग्रहालयांत गेल्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला ते पाहणे दुरापास्त होते, आणि गोळा केलेले नमुने मुख्यतः बंदरे, थंड हवेची ठिकाणे व घाटमाथे यांच्या आसपासचे असल्यामुळे देशाचा कोरडा अंतर्भाग त्यांत फारसा आलेला नव्हता.

टिकादारांची जडणघडण आणि पुण्यातील काम

अविभाजित बंगालमधील खुलना भागात जन्मलेल्या टिकादारांचे शास्त्रीय आयुष्य भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेशी एकरूप झालेले होते. नेल्सन ॲनन्डेल यांच्या नेतृत्वाखाली १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय कलकत्त्यास असले, तरी स्वातंत्र्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांत तिची प्रादेशिक केंद्रे उघडण्यात आली आणि त्यांतील पश्चिम विभागाचे केंद्र १९५९ मध्ये पुण्यात सुरू झाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९६३ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या विज्ञानविषयक नियतकालिकात टिकादारांचा महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. नव्या राज्याच्या नावाने त्याच्या कोळ्यांची नोंद करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रीय निबंधांपैकी हा एक असल्यामुळे महाराष्ट्राच्या निसर्गविज्ञानाच्या इतिहासात त्याला वेगळे महत्त्व आहे.

या काळात त्यांनी वर्णन केलेल्या जातींच्या नावांतच महाराष्ट्राचा भूगोल उमटलेला दिसतो. पुण्याजवळच्या कात्रज घाटावरून 'थॉमिसस कात्रजघाटस' हे नाव १९६३ मध्ये दिले गेले. मल्होत्रा या सहकाऱ्यासह १९८० मध्ये वर्णिलेला 'लायकोसा पूनाएन्सिस' आणि बाल या सहकाऱ्यासह १९८१ मध्ये वर्णिलेला 'निओस्कोना पूनाएन्सिस' यांची नावे पुण्यावरून आलेली आहेत. तर १९७७ मध्ये बिळात राहणाऱ्या एका केसाळ कोळ्याचे नामकरण महाबळेश्वरावरून झाले. 'ऑक्सिओपस श्वेता', 'ऑक्सिओपस रत्नी', 'ऑक्सिओपस शकुंतली' अशी भारतीय नावे शास्त्रीय यादीत आणून त्यांनी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत देशी नामकरणाची वाट रुंद केली.

मात्र टिकादारांचा अभ्यास महाराष्ट्रापुरता कधीच नव्हता. खासी व जैंतिया टेकड्या, सिक्कीम, अंदमान-निकोबार बेटे आणि कलकत्ता शहर अशा परस्परांहून अत्यंत भिन्न प्रदेशांच्या कोळ्यांवर त्यांनी स्वतंत्र अहवाल लिहिले, १९७१ मध्ये भारतातील खेकडाकोळ्यांच्या कुलाची फेरमांडणी केली, आणि या सर्व तयारीचे फळ म्हणून 'फॉना ऑफ इंडिया' या राष्ट्रीय ग्रंथमालेतील कोळ्यांवरचे दोन खंड १९८० व १९८२ मध्ये सिद्ध झाले. पहिल्या खंडात खेकड्याप्रमाणे बाजूने चालणाऱ्या खेकडाकोळ्यांचे आणि जमिनीवर धावून भक्ष्य पकडणाऱ्या लांडगाकोळ्यांचे कुल घेतलेले आहे, तर दुसऱ्यात चाकाच्या आकाराचे जाळे विणणाऱ्या चक्रजाळी कोळ्यांचे आणि दगडांखाली दडणाऱ्या निशाचर भूकोळ्यांचे कुल आहे. लगेच १९८३ मध्ये पुण्याचे विंचूतज्ज्ञ डी. बी. बस्तवडे यांच्यासह त्यांनी भारतीय विंचवांवरचा खंड प्रसिद्ध केला. संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळतानाही त्यांचे लेखन थांबले नाही; भारतातील संकटग्रस्त प्राणी, अंदमान-निकोबारचे पक्षी, कासवे आणि सरडे यांच्यावरील त्यांची पुस्तके हे त्यांच्या व्यापक प्राणिशास्त्रीय दृष्टीचे पुरावे होत.

'हँडबुक'ची थोरवी आणि ओळखीची पद्धत

टिकादारांच्या सर्व लेखनात सर्वाधिक हातांत फिरलेला ग्रंथ म्हणजे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले भारतीय कोळ्यांचे 'हँडबुक' होय. त्यात भारतातील ४३ कुले, २४९ प्रजाती आणि १०६७ जाती यांची नोंद आहे. येथे प्रजाती हा शब्द जवळच्या नात्याच्या जातींच्या गटासाठी आणि कुल हा शब्द जवळच्या प्रजातींच्या गटासाठी वापरला आहे. आकड्यांपेक्षाही मोलाची गोष्ट अशी की, परदेशी नियतकालिकांची जुनी पाने ज्यांच्या महाविद्यालयात कधीच पोहोचली नव्हती, अशा जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना या ग्रंथामुळे प्रथमच अभ्यासाचे साधन मिळाले. शरीररचनेचे स्पष्टीकरण, नमुने गोळा करण्याची व जपण्याची रीत, रेखाटने आणि ओळखतक्ते हे सारे त्यात एकत्र आले. ओळखतक्ता म्हणजे परस्परविरुद्ध लक्षणांच्या जोड्यांची अशी मालिका की, प्रत्येक जोडीतून एक पर्याय निवडत गेल्यास अभ्यासक अखेरीस योग्य कुलापर्यंत किंवा जातीपर्यंत पोहोचतो.

कोळ्याची जात केवळ रंगावरून ठरवता येत नाही, हे तत्त्व समजून घेतल्याशिवाय टिकादारांच्या परिश्रमाचे मोल कळणे कठीण आहे. एकाच जातीचे नर व मादी आकाराने आणि रंगाने इतके निराळे असतात की ते दोन जातींचे वाटावेत. फुलांवर दबा धरणाऱ्या काही खेकडाकोळ्यांच्या माद्या पांढऱ्याच्या पिवळ्या होऊ शकतात. आणि पिलांवर प्रौढांच्या खुणा उमटलेल्याच नसतात. त्यामुळे जात निश्चित करण्यासाठी पूर्ण वाढ झालेला कोळी हाती असावा लागतो आणि त्याच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या स्पर्शकांच्या फुगीर टोकांची आणि मादीच्या बाबतीत पोटाच्या खालच्या बाजूस असलेल्या कठीण जननपट्टीची घडण ही त्या त्या जातीची विश्वासार्ह खूण असते. ही रचना हाताने रेखाटणे, तिची जुन्या वर्णनांशी तुलना करणे आणि नव्या जातीचा आधारभूत नमुना, ज्याला प्ररूप म्हणतात, राष्ट्रीय संग्रहात क्रमांक देऊन ठेवणे हे काम टिकादारांनी शेकडो नमुन्यांच्या बाबतीत केले. भारतीय कोळ्यांचे प्ररूप भारतातच राहतील, ही व्यवस्था दृढ करण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

मर्यादा आणि नंतरची वाटचाल

पायाभूत काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाप्रमाणे टिकादारांचे निष्कर्षही पुढील पिढीने तपासून पाहिले. त्यांच्या काही जाती आधी वर्णिलेल्या जातींशी एकरूप ठरल्या, काहींची प्रजाती बदलली, आणि काही वर्णने एकाच लिंगाच्या नमुन्यावर आधारलेली असल्याने जोडीदाराचा शोध पुढील अभ्यासकांवर सोपवला गेला. त्यांच्या काळात परदेशांतील प्ररूप मागवून पाहणे खर्चिक व वेळखाऊ होते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सहज उपलब्ध नव्हता आणि जनुकीय तुलना भारतीय कोळ्यांच्या अभ्यासात आलेलीच नव्हती, हे लक्षात घेता या दुरुस्त्यांमुळे त्यांच्या कार्याला उणेपणा येत नाही. ज्या ग्रंथावर आधारून दुरुस्ती करता येते, तो ग्रंथ आधी कोणीतरी लिहावा लागतो, आणि भारतीय कोळ्यांच्या बाबतीत ते कष्ट टिकादार व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतले.

त्यांच्यानंतर जातींच्या यादीत झालेली वाढ हेच त्या पायाच्या भक्कमपणाचे प्रमाण आहे. मंजू सिलीवाल, संजय मोलूर आणि बी. के. बिश्वास यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत १४४२ जाती होत्या; २०१२ मध्ये भारतीय कोळीशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकातील सूचीत ही संख्या ६० कुलांतील १६८६ जातींवर गेली; आणि आज ती १९०० च्या पुढे पोहोचली आहे. जगभरच्या ज्ञात जातींनी २०२२ मध्ये ५०,००० चा टप्पा ओलांडला. पी. ए. सेबॅस्टियन आणि के. व्ही. पीटर यांनी संपादित केलेला भारतीय कोळ्यांवरचा २००९ मधील ग्रंथ हा टिकादारांच्या 'हँडबुक'नंतरचा मोठा टप्पा मानला जातो.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास दोन ठिकाणची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात गणेश वानखेडे यांनी मेळघाट व सातपुड्याच्या परिसरातील कोळ्यांच्या अभ्यासाला चालना दिली, विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली आणि भारतीय कोळीशास्त्र संघटनेच्या उभारणीत पुढाकार घेतला. विद्यापीठाच्या छोट्या प्रयोगशाळेतून राष्ट्रीय पातळीवरची विद्याशाखा कशी उभी राहू शकते, याचे हे उदाहरण विदर्भालगतच्या मराठवाड्याने आवर्जून अभ्यासावे असे आहे. दुसरीकडे मुंबईत झीशान मिर्झा व राजेश सानप यांनी महानगराच्या कुशीतील आरे वसाहतीच्या झाडीतून 'हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस' ही बिळात राहणाऱ्या कोळ्याची जात २०१४ मध्ये जगापुढे आणली. ठाणे परिसरात आढळलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्राणार्पण करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ 'इसियस तुकारामी' हे नाव २०२१ मध्ये देण्यात आले. शहरांच्या अगदी जवळ अनोळखी जाती सापडू शकतात, हे या शोधांनी सिद्ध केले. सह्याद्री, मेळघाट आणि मुंबई यांच्या तुलनेत मराठवाड्याचा उल्लेख या साहित्यात फार थोडा येतो, ही वस्तुस्थितीही त्याच वेळी ठळक होते.

नांदेड-लातूरची भूमी आणि तिचे कोळी

नांदेड व लातूर हे शेजारी जिल्हे असले तरी त्यांची नैसर्गिक घडण एकसारखी नाही. नांदेडच्या उत्तर टोकाला किनवट व माहूर तालुक्यांत सागाचे पानगळीचे जंगल आहे आणि पैनगंगेच्या काठाने ते विदर्भाच्या व तेलंगणाच्या वनांशी जोडलेले आहे; मध्यभागी गोदावरीचे काळ्या मातीचे खोरे आहे; तर कंधार-मुखेडच्या बाजूस बालाघाटाच्या रांगांचे खडकाळ माळ आहेत. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यंत कमी असून मांजरा व तिच्या उपनद्यांच्या काठची शेती, गायराने, उजाड टेकड्या आणि चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेल्या संजीवनी बेटासारखे तुरळक हिरवे अवशेष हेच तेथील वन्य जिवांचे आश्रयस्थान आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, यावरून या प्रदेशातील कोरडेपणाची कल्पना येते. अशा भूमीत कोळ्यांचे वैविध्य पावसाळी सदाहरित जंगलाइतके असणार नाही. परंतु उष्णता, अवर्षण आणि उघड्या माळाशी जुळवून घेतलेल्या ज्या जाती येथे टिकतात, त्यांचे महत्त्व हवामान बदलाच्या काळात वाढत जाणारे आहे.

या कोरड्या प्रदेशाचे वैशिष्ट्य ठरावा असा कोळी म्हणजे दख्खनच्या पठारावर बोरी-बाभळीच्या काटेरी झुडपांत वसाहत करणारा 'स्टेगोडायफस सारासिनोरम' हा सामाजिक कोळी होय. जगातील पन्नास हजारांवर जातींपैकी कायमचे सामूहिक जीवन जगणाऱ्या जाती वीस-पंचवीसच आहेत आणि त्यांपैकी ही एक आहे. शेकडो कोळी मिळून वाळलेली पाने व काटक्या रेशमाने गुंफून एक दाट घरटे बांधतात, त्याभोवती भक्ष्य अडकवणारे जाळे पसरवतात, मोठा टोळ सापडला तर अनेकजण एकत्र येऊन त्याला आवरतात, आणि पिलांचे संगोपनही वसाहतीतील माद्या मिळून करतात. ओकून काढलेल्या अन्नावर पिले वाढवल्यानंतर अखेरीस आयांचे शरीरही पिलांचे अन्न बनते. सहकाराचा हा विलक्षण प्रकार पाहण्यासाठी दूरच्या अभयारण्यात जाण्याची आवश्यकता नसून दुर्लक्षित गायरानातील झुडपेही पुरेशी असतात.

इतर अधिवासांतील कोळीही तितकेच अभ्यसनीय आहेत. हिवाळ्यातील दवाच्या सकाळी गवतावर चकाकणारी नरसाळ्याच्या आकाराची जाळी 'हिप्पासा' प्रजातीच्या लांडगाकोळ्यांची असतात. त्याच कुलातील 'लायकोसा' व 'पार्डोसा' जाळे न विणता जमिनीवर शिकार करतात, त्यांच्या माद्या अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला बांधून हिंडतात आणि पिले बाहेर पडल्यावर त्यांना पाठीवर वाहून नेतात. रात्री कपाळावर विजेरी बांधून माळावर पाहिले असता त्यांचे डोळे प्रकाश परावर्तित करून चमकतात, आणि गणनेसाठी ही एक सोपी पद्धत ठरते. चक्रजाळ्यात रेशमाची ठळक नागमोडी नक्षी विणणारा 'आर्जिओपे अनासुजा', झाडाच्या सालीशी एकरूप होणारा व पोटाच्या मागे दोन लांब शेपट्यांसारखे अवयव असलेला 'हर्सिलिया', भिंतीवर माशांवर झडप घालणारे 'प्लेक्सिपस' व 'मेनेमेरस', आणि घराच्या कोपऱ्यात जळमटे करणारा लांब पायांचा 'क्रॉसोप्रायझा लायोनी' हे भारताच्या मैदानी भागात दूरवर पसरलेले कोळी आहेत. कंधार, औसा आणि उदगीर येथील किल्ल्यांच्या दगडी तटबंद्या व अंधाऱ्या तळघरांचे कोळी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

शेतीशी असलेले नाते

या दोन जिल्ह्यांत कोळ्यांच्या अभ्यासाला सर्वाधिक महत्त्व शेतीमुळे आहे. मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर यांनी २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगभरचे कोळी दरवर्षी ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात आणि त्यात कीटकांचा वाटा फार मोठा असतो. सोयाबीन, तूर व कापूस या पिकांवर फिरणारा 'ऑक्सिओपस' प्रजातीचा काटेरी पायांचा कोळी तुडतुडे व लहान अळ्या पकडतो, लांडगाकोळी जमिनीलगतच्या किडी टिपतात, फुलांवरचे खेकडाकोळी पतंगांना धरतात आणि 'निओस्कोना'सारख्यांची जाळी उडत्या किडींना अडवतात. प्रत्येकाची शिकारीची जागा व वेळ निराळी असल्यामुळे एका जातीपेक्षा अनेक जातींचा समुदाय पिकाला अधिक उपयोगी पडतो.

त्याचबरोबर कोळ्यांकडून अवाजवी अपेक्षा करणेही शास्त्राला धरून होणार नाही. कोळी समोर येईल ते खातो. त्यामुळे मधमाशी आणि इतर मित्रकीटकही त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात, शिवाय सोयाबीनच्या खोडात शिरलेल्या चक्रीभुंग्याच्या अळीपर्यंत किंवा बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तो पोहोचू शकत नाही. किडींचा उद्रेक होण्यापूर्वी त्यांची संख्या मर्यादेत ठेवणे हे त्याचे खरे काम आहे. सर्वच किडींना मारणारी जहाल कीटकनाशके फवारली की कोळीही मरतात, आणि त्यांच्या पिढ्या किडींच्या मानाने सावकाश वाढत असल्यामुळे फवारणीनंतर कीड आधी परतते व तिचा शत्रू मागाहून येतो. म्हणून आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा किडीने होणारे नुकसान जास्त ठरेल अशी किडींची संख्या, ओलांडल्याशिवाय फवारणी करू नये, या एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या नियमाला कोळ्यांच्या अभ्यासातून बळ मिळते.

मराठवाड्यातील पीकपद्धतीत या दृष्टीने उपकारक ठरणाऱ्या काही गोष्टी पूर्वीपासून आहेत. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले जाते, तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी झाली तरी तुरीच्या ओळी उभ्या राहतात आणि विस्थापित झालेल्या कोळ्यांना आसरा मिळतो. गवताने झाकलेले धुरे व बांध हे तर वर्षभराचे आश्रयस्थान असतात. बांधावरील तणनाशकांची फवारणी आणि उन्हाळ्यात धुरे पेटवून देण्याची रीत यांमुळे हेच आश्रय नष्ट होतात. चीनमध्ये भात व कापसाच्या शेतात गवताच्या पेंढ्या ठेवून कोळ्यांना थारा देण्याचे प्रयोग झाले आहेत. कडब्याची मुबलकता असलेल्या या भागात तसे प्रयोग करून पाहण्यासाठी १९७२ मध्ये परभणी येथे स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृषी विद्यापीठाइतके योग्य स्थान दुसरे नाही.

गैरसमज आणि आरोग्य

कोळ्यांविषयीची भीती ही त्यांच्या संरक्षणातील एक अडचण आहे. कोळी अंगावर फिरल्याने पुरळ किंवा फोड येतात हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. परंतु पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा 'पेडेरस' प्रजातीचा लहान भुंगा अंगावर चिरडल्यास त्यातील दाहक द्रवाने असे फोड येतात, आणि पट्ट्यासारखे उमटणारे वेदनादायक फोड अनेकदा नागीण या विषाणुजन्य आजाराचे असतात. अशा वेळी कोळ्याला दोष देऊन घरगुती उपाय करत राहिल्यास योग्य उपचाराला विलंब होतो. बहुतेक सर्व कोळ्यांकडे भक्ष्याला निश्चेष्ट करणारे विष असले, तरी माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती फार थोड्या आहेत आणि घरात नित्य दिसणारे कोळी त्यांत मोडत नाहीत.

पुढील कार्याची दिशा

टिकादारांच्या पद्धतीने नांदेड-लातूरचा अभ्यास करायचा झाल्यास त्यासाठी लागणारी चौकट आज उपलब्ध आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले, त्याचे उपकेंद्र लातूरला आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. किनवटचे जंगल, गोदावरीकाठची शेती, बालाघाटचा माळ, लातूरची गायराने आणि शहरी वस्ती असे पाच-सहा अधिवास ठरवून त्यांत पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत एकाच पद्धतीने पाहणी केली, तर काही वर्षांत विश्वसनीय सूची तयार होऊ शकते. गवतावर जाळी फिरवणे, झुडपाखाली छत्री धरून फांदी झटकणे, जमिनीत पेले पुरून चालते कोळी पकडणे आणि रात्री विजेरीने शोधणे या पद्धतींना फारसा खर्च येत नाही. मात्र अल्कोहोलमध्ये जपलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, दिनांक, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव यांची चिठ्ठी असलीच पाहिजे. चिठ्ठीविना नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे शोधाची दिशा दाखवतात, परंतु जात निश्चित करण्यासाठी प्रौढ नमुना आणि त्याची सूक्ष्म तपासणी यांना पर्याय नाही, आणि नव्या नोंदींचे नमुने पुण्यातील किंवा कोलकात्यातील राष्ट्रीय संग्रहात जमा झाले, तरच पुढील पिढीला ते तपासता येतील.

जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतींच्या पातळीवर व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे, व राज्याचे जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपुरातून काम करते. या नोंदवह्यांत वनस्पती, पक्षी व पाळीव जनावरांबरोबर शेतातील कोळ्यांनाही जागा मिळाली, तर शेतकऱ्यांचे निरीक्षण आणि महाविद्यालयांची शास्त्रीय तपासणी यांची सांगड बसेल. गुरे राखणाऱ्यांना आणि शेतमजूर स्त्रियांना कोणता कोळी कोणत्या पिकात व कोणत्या महिन्यात वाढतो याची जी माहिती असते, ती अशा नोंदींचा उत्तम आरंभबिंदू ठरू शकते. त्याला जोड म्हणून नांदेड-लातूरच्या नेहमी दिसणाऱ्या कोळ्यांची रंगीत, मराठीतील मार्गदर्शिका तयार होणे अगत्याचे आहे.

टिकादारांनी पुण्याच्या केंद्रातून जे काम सुरू केले, त्याचे मूल्य त्यांनी दिलेल्या नावांच्या संख्येवर अवलंबून नसून, कोणत्याही जिल्ह्यातील अभ्यासकाने हाती घेऊन पुढे नेता येईल अशी पद्धत त्यांनी मागे ठेवली, यावर ते आधारलेले आहे. ही पद्धत राबवण्यासाठी मराठवाड्याला मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. सूक्ष्मदर्शक, चिकाटी आणि नमुन्यांची प्रामाणिक नोंद एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. दोन्ही जिल्ह्यांतील प्राणिशास्त्र विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दरवर्षी किमान एका तालुक्याची कोळीसूची घ्यावी, कृषी विद्यापीठाने त्या सूचीचा पिकांशी मेळ घालावा आणि शेतकऱ्यांनी आपले धुरे पेटवण्यापूर्वी त्यांत राहणाऱ्या या सोबत्यांचा विचार करावा. भारतीय कोळीशास्त्राच्या या प्रवर्तकाला मराठवाड्याने वाहिलेली आदरांजली या कामातूनच सार्थ ठरेल.